बेसूर सर

“तुझ्या बापाचे पाय मोडले का? तुले कायले पाठवलं?”

मी असंच बोललो, शब्दन् शब्द. समोर वामनची प्राजक्ता उभी होती. बँकेत नोकरी करणारी, एका मुलीची आई, आणि मी तिला दुकानाच्या पायरीवरच उभं ठेवलं होतं. माझे हात वार्निशनं चिकट झाले होते, पुढ्यात पावरलूमची मोटर पोट उघडून पडली होती, आणि वामनचं नाव निघालं की माझं डोकं सटकतं हे अख्ख्या लोधीपुऱ्याला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. तरी आली.

“काका, आधी ऐकून तर घ्या ना.”

“बोल.”

“बाबा रिटायर झाले. रविवारी संध्याकाळी गणेश मंडळ त्यांचा सत्कार करतंय, चौकात. आणि सोमवारी ते अनिकेतदादाकडे चाललेत, नागपूरला. परमनंट. घर खाली करून राह्यलोय आम्ही.”

“जाऊ दे. माझ्या नावानं एक नारळ देजो.”

ती हलली नाही. वामनसारखीच चिवट. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून म्हणाली, “बाबांचा निरोप आहे. पण तुम्ही भडकू नका, प्लीज.”

“भडकायचं का नाही ते मी ठरवीन.”

“ते म्हणाले, प्रकाशले सांग, तुझा तो टेप अजून चालत असेल तर काढ. त्यावर गाणं लाव आणि तेच गाणं फोनवर लाव. मग पाहू कोणाचा कान फुटका होता.” मग खाली बघत, “हिंमत असेल तर, असं पण बोलले.”

मी पक्कड फरशीवर आपटली. प्राजक्ता दचकली आणि मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

“जाय. आणि त्याले सांग, प्रकाश महाजनच्या कानावर या गावातल्या निम्म्या लूम चालतात. तुझ्यासारख्या मास्तरानं मले कान शिकवू नये.”

ती गेली. जाताना “येते काका” म्हणाली. संस्कार आईचे असणार, बापाचे नव्हेत.

कानाचं मी उगाच म्हणालो नाही. मोटर वाइंडिंगच्या धंद्यात मला पस्तीस वर्षं होऊन गेली. चालू मोटरच्या अंगावर मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि सांगतो, मागच्या बाजूचं बेअरिंग गेलं. उघडून बघा, मागचंच गेलेलं असतं. इंदूरहून मीटर घेऊन आलेले इंजिनियर मला विचारून गेलेत. मला शिक्षण नाही, जमीन नाही, बोलायची रीत तर नाहीच नाही. आहे तो कान. त्यावर कोणी बोट ठेवलं तर मी त्याचं बोट मोडीन.

आणि वामननं ते सदतीस वर्षांपूर्वी ठेवलं होतं.

तेव्हा आम्ही दोघं जिगरी दोस्त होतो. आज सांगताना जीभ अडखळते, पण होतो. वामनचा मामा नेपानगरला कागद मिलमध्ये कामाला होता. त्याच्या शेजारी कॉलनीत एक गोव्याकडचे फोरमनसाहेब राहत. त्यांच्याकडे भिंतभर कॅसेटी आणि दोन गिटारी. दर रविवारी सकाळची पॅसेंजर पकडून आम्ही जायचो. ते आम्हाला बोटं कुठे ठेवायची ते दाखवायचे, त्यांच्या घरच्या बाई आम्हाला तांदळाचे पोळे खाऊ घालायच्या, आणि दुपारभर ते एकेक कॅसेट लावून आमची तोंडं बघत बसायचे. बुऱ्हाणपूरमध्ये तेव्हा लग्नाची बँडपार्टी, कव्वाली आणि रेडिओ, एवढंच संगीत. पहिल्यांदा डीप पर्पल नावाचा विलायती बँड ऐकला तेव्हा मी उठून उभाच राहिलो. ऑर्गन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात, मागे ढोलवाला थांबायचं नावच घेत नाही. मला वाटलं, हे आमच्याच गल्लीतलं आहे, फक्त इंग्रजीत.

वामनला मात्र पिंक फ्लॉइड. डोळे मिटून ऐकायचा. एक सूर काढायचा आणि तो विरेपर्यंत दुसरा काढायचा नाही.

“हे काय गाणं आहे का?” मी म्हणायचो. “झोपेची गोळी आहे. ऑपरेशनच्या आधी लावत जा.”

“तुझं डीप पर्पल म्हणजे पाळीवर लागलेली लूम,” तो म्हणायचा. “खटाक खटाक खटाक.”

“मग? लूम वाईट असते का? लूमवर तुझा बाप जेवला!”

लेड झेपेलिनवर आमचं जमायचं. ब्लॅक सॅबथ मला पसंत, त्याला डोकेदुखी. ईगल्स त्याला गोड लागायचे, मी म्हणायचो जिलबीच खायची तर चौकात ताजी मिळते. तापीच्या घाटावर बसून आम्ही तासन् तास भांडलो आहोत, एकमेकांच्या आवडीला इतक्या शिव्या दिल्या आहेत की धुणं धुणाऱ्या बायका सामान उचलून पलीकडे जायच्या. तसं भांडण पुन्हा कोणाशी झालं नाही. डीप पर्पल कोणाला माहीतच नव्हतं, तर भांडणार कोणाशी?

पुढे फोरमनसाहेबांनी रिटायर होऊन गोव्याला जाताना दोन्ही गिटारी आम्हाला दिल्या. मला एक जुना टेपरेकॉर्डर आणि वीस कॅसेटीही दिल्या. टेप बंद होता, आतला रबरी पट्टा वितळून गेलेला. तो मी दुरुस्त केला. माझ्या हातची ती पहिली दुरुस्ती. त्यावर ऐकून आम्ही गिटार लावायचो, माझ्याच घरी, आणि त्याच सुरात सगळी गाणी बसवायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीत मंडळानं आम्हाला स्टेज दिलं. दोन गिटारी, आणि बँडपार्टीतला सुकलाल ड्रमवर. तीन महिने तालीम केली. आणि ऐन कार्यक्रमाच्या दिवशी वामन नेपानगरहून आला तो मिलमधल्या कोणाकडून तरी लोखंडी चिमटा घेऊन. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो, आपटला की एकच सूर वाजणारा. म्हणे, हा खरा सूर, आपण इतके दिवस चुकीचं लावत होतो. मी म्हणालो, चिमटा फेकून दे. त्यानं ऐकलं नाही. पडद्यामागे गुपचूप आपली गिटार चिमट्यावर लावली आणि तसाच स्टेजवर आला.

पहिलाच ठोका पडला आणि अंगावर काटा आला. चांगल्या अर्थानं नव्हे. दोन गिटारी दोन सुरांत. अर्ध्या सुराचा फरक, आणि अर्ध्या सुराचा फरक सगळ्यांत वाईट असतो, चार सुरांचा परवडला. लोक आधी गप्प झाले, मग हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, मांजर अडकलं आहे का आत.  मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, “भाऊबहिणींनो, माफ करा. आमच्या वामनचा कान फुटका आहे. हा बेसूर आहे. याले गिटार लावता येत नाही.”

चौक खदखदून हसला. वामन गिटार घेऊन खाली उतरला. त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

पुढच्या वर्षी तो सरकारी शाळेत गणिताचा मास्तर झाला आणि गावानं त्याला बेसूर मास्तर करून टाकलं. पुढे सर म्हणायची फॅशन आली तसा बेसूर सर. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं आहे ते आहे, असं मी म्हणायचो. चारचौघांत म्हणायचो, आणि चहा पिताना म्हणायचो.

प्राजक्ता आली त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं. घरी येऊन माळ्यावरून टेप उतरवला. बायको, मालती, भाजी निवडत होती.

“आज कोणता सण?” ती म्हणाली.

“वामनच्या थोबाडावर मारायचं आहे.”

“अजून?” तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. “अहो, लग्न होऊन आली तेव्हापासून हेच ऐकते आहे. माणूस गाव सोडून चालला. आता तरी त्याले जाऊ द्या ना सुखानं.”

मी फडक्यानं धूळ पुसली. टेप चांगल्या हालतीत होता, मी तो तसा ठेवतो. दर दोन-तीन वर्षांनी पट्टा कडक होतो, मी नवा घालतो. फोनवर मी गाणी ऐकत नाही. एक-दोनदा मुलानं ऐकवली होती, सगळी उतरलेली, मेलेली वाटली. कंपनीवाले आवाज दाबून पाठवतात, त्यात जीव राहत नाही, असं मी त्याला सांगितलं होतं. तोही मान हलवून गेला होता.

तर आधी टेपवर डीप पर्पल लावलं. मग मालतीच्या फोनवर तेच गाणं. फोनवरचं अर्धा सूर खाली होतं. बरोबर अर्धा, ना कमी ना जास्त.

“बघ,” मी म्हणालो. “फोन बेसूर आहे.”

“फोन कसा बेसूर असेल?” मालती म्हणाली. “आमच्या भजनी मंडळात फोनवरच सूर लावून घेतात. पेटीशी जुळतो.”

“तुमची पेटी बेसूर.”

“हाव. पेटी बेसूर, फोन बेसूर, वामनभाऊ बेसूर. सगळं जग बेसूर आणि तुम्ही एकटे सुरात.”

मला तिचा राग आला. पण ती बोलत असताना माझी नजर फोनवर गेली होती. गाण्याच्या खाली आकडा दिसत होता, सहा मिनिटं पाच सेकंद. मी कॅसेटच्या डबीतला कागद काढला. फोरमनसाहेबांना सवय होती, प्रत्येक गाण्यापुढे आपल्या बारीक अक्षरात मिनिटं लिहायची. सहा-पाच. फोनचं आणि साहेबांचं एकच.

मी मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि टेपवर गाणं पहिल्यापासून लावलं.

पाच मिनिटं चव्वेचाळीस सेकंदांत संपलं.

पुन्हा लावलं. पाच चव्वेचाळीस.  मालती माझ्याकडे बघत होती, आणि मला तिनं बघू नये असं वाटत होतं. मी टेपचे चारही स्क्रू काढले आणि झाकण उघडलं.

आत माझा पट्टा होता. इंदूरला गेल्याशिवाय खरा पट्टा मिळत नव्हता तेव्हा मी एक युक्ती केली होती, मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबची गोल कडी कात्रीनं कापायची आणि पट्टा म्हणून चढवायची. छान बसली होती. टेप चालू झाला तेव्हा वामननंच मला उचलून घेतलं होतं. तेव्हापासून त्याच मापाचा, तसल्याच ट्यूबचा पट्टा मी घालत आलो. नंतर बाजारात खरे पट्टे मिळायला लागले तरी माझा मजबूत म्हणून माझाच घातला. मी व्हर्नियर लावून जाडी मोजली. खऱ्या पट्ट्याच्या दीडपटीहून जास्त.

इथे मला कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. मोटरच्या बारक्या पुलीवर जाड पट्टा चढला की पुलीचा घेर वाढतो. घेर वाढला की पुढचं चाक जोरात फिरतं. हे मी लूमवाल्यांना रोज शिव्या देऊन शिकवतो. चुकीची पुली घालतात, लूम जोरात पळते, धागे तुटतात, आणि मग माझ्याकडे येऊन म्हणतात मोटर खराब. मी म्हणतो, गाढवा, मोटर नाही, तू खराब.

टेप जोरात पळत होता. फोरमनसाहेब गोव्याला गेल्यापासून प्रत्येक गाणं मी अर्धा सूर चढं ऐकलं होतं. गिटार तशीच चढी लावली होती. म्हणून माझी पहिली तार सारखी तुटायची आणि मी तारेच्या कंपनीला नावं ठेवायचो. स्टेजवर सुरात एकच माणूस होता, आणि त्याच्यासमोर माइक नव्हता.

“काय झालं?” मालतीनं विचारलं.

“माझा पट्टा जाड होता.”

तिला पट्ट्यातलं काही कळलं नसणार. पण बाकीचं सगळं कळलं. ती म्हणाली, “मग आता?”

“आता काय?”

“आता काय म्हणून मलेच विचारता?” तिचा आवाज चढला. “त्या माणसाच्या लग्नात, बारशात, दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे त्याले काय म्हणतात माहीत नाही का तुम्हाले? तुमच्या तोंडचं आहे ते!”

मला लाज वाटली. इतकी की झाकण लावताना एक स्क्रू खाली पडला तो मी शोधलाही नाही.

शनिवारी सकाळी मी वामनकडे गेलो. दार उघडंच होतं. ओसरीत खोकी, पुस्तकांचे गठ्ठे, गुंडाळलेल्या गाद्या. वामन खाली बसून सुतळीनं गठ्ठा बांधत होता. केस पार गेलेले. रस्त्यात दिसायचा, पण मी कधी नीट पाहिलं नव्हतं. त्यानं मला बघितलं, ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

“काढला का टेप?”

“काढला.”

“मग?”

“अर्धा सूर चढा होता. माझा. पट्टा जाड होता.”

त्याचे हात थांबले. “कोणता पट्टा?”

“तो ट्यूबचा. मी कापला होता तो.”

तो हसला. त्याचं हसणं मला नको होतं. “म्हणजे ट्यूबच्या तुकड्यापायी.”

“हाव.”

“मी इतकी वर्षं समजत होतो, तू मुद्दाम केलं.” त्यानं सुतळीला गाठ मारली आणि ती दातांनी ओढली. “मले वाटायचं, प्रकाशले माहीत होतं माझी बरोबर लागली आहे. त्याले सहन झालं नाही म्हणून माइक घेतला. दुसऱ्या दिवशी मी चिमटा घेऊन तुझ्या दारात आलो होतो. तू वरून ओरडला, फुटका कान घेऊन जाय इथून.”

हे मला आठवत नव्हतं. पण मी तसं ओरडलो असणार, कारण माझंच वाक्य होतं ते.

“मुद्दाम नव्हतं,” मी म्हणालो.

“मुद्दाम असतं तर बरं झालं असतं. दुश्मनानं घाव घातला, इतकं तरी राह्यलं असतं. हे काय? रबराचा तुकडा!” त्यानं गठ्ठा बाजूला ढकलला. “माफी मागायला आला का?”

“नाही.” खरंच नव्हतो. मला ते येत नाही. “चूक झाली ते सांगायला आलो.”

“मले कायले सांगतो? मले तर पहिल्या दिवसापासून माहीत आहे.” त्यानं हातातली सुतळी खाली आपटली. “शाळेतला पहिला दिवस. आठवीचा वर्ग. फळ्यावर लिहून ठेवलं होतं, बेसूर मास्तर आले. छत्तीस वर्षं, प्रकाश. नवीन पोरं येतात, जुनी त्यांना नाव शिकवून जातात. माझी बायको गेली ना, तेव्हा बाहेर बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती, बेसूर सरांची मिसेस गेली. माझं आडनाव लोकांना आठवत नाही. तुझं एक वाक्य माझ्याआधी घरात शिरतं.”

मी उभाच होतो. बसायला जागा नव्हती आणि त्यानं सांगितलंही नाही.

“गिटार?” मी विचारलं.

“दिली.”

“कोणाले?”

“तुले काय करायचं?” मग सुतळी पुन्हा हातात घेत, “त्याच महिन्यात दिली. हात लावला की लोक हसताना दिसायचे.”

आतून प्राजक्तानं डोकावून पाहिलं आणि परत आत गेली.

“वामन, मी काय करू सांग.”

“ज्याले माहीत आहे त्याले सांगून कोणतं पुण्य लागणार? ज्यायच्यासमोर बोलला, त्यायले सांग.” त्यानं पुढचा गठ्ठा ओढला. “आणि आता जाय. मले कामं आहेत.”

मी गेलो.

रविवारी चौकात दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि सगळ्या भरल्या होत्या. वामनचे विद्यार्थी. कोणी डॉक्टर, कोणी केळीच्या गाड्या भरणारा, कोणी धूलकोटला ग्रामपंचायतीत, कोणी भोपाळहून खास आलेला. बायका पोरं घेऊन आल्या होत्या. एकेक जण माइकवर येऊन सांगत होता, सरांनी घरी बोलावून फुकट शिकवलं, सरांनी फॉर्म भरला, सरांमुळे पास झालो. आणि प्रत्येक जण, अगदी प्रेमानं, म्हणत होता, “आमचे बेसूर सर.” म्हटलं की टाळ्या. वामन मधल्या खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर नारळ. प्रत्येक वेळी तो मान जराशी हलवायचा.

मी स्टेजच्या पायऱ्या चढलो तेव्हा मंडळाचा अध्यक्ष रितेश धावत आला. “काका, लिस्टमध्ये तुमचं नाव नाहीये. बाद में, बाद में.”

“बाजूले हो.” मी माइक घेतला.  ह्याच चौकात, जवळजवळ ह्याच जागी मी मागच्या वेळी माइक घेतला होता.

“मी प्रकाश महाजन. मोटर वाइंडिंग,” मी म्हणालो. “तुम्ही ज्याले बेसूर सर म्हणता ना, ते नाव मी दिलं. अठ्ठ्याऐंशीच्या गणपतीत. याची गिटार बेसूर आहे असं मी इथून बोललो. ती बेसूर नव्हती. माझी होती. माझ्या टेपचा पट्टा जाड होता, तो मी ट्यूबचा कापला होता. त्यामुळे मोटर...”

पहिल्या रांगेत कोणीतरी हसलं. मग मागे. मी पुलीचा घेर सांगायला लागलो तसं हसू वाढलं. एकानं शिट्टी मारली. “काका, वन्स मोअर!”

“हसू नका!” मी ओरडलो. “याचा सूर बरोबर होता! एकट्याचा बरोबर होता! फुटका कान माझा होता!”

टाळ्या पडल्या. कडाडून. त्यांना वाटलं मी जुना दोस्त आहे, सरांची गंमत करतो आहे. रितेशनं हसत हसत माझ्या हातातून माइक काढून घेतला.

“वा काका, मस्त! जुन्या यारांची बात ही अलग,” तो लोकांना म्हणाला. “पण सर गिटार वाजवत होते हे तर आम्हाला माहीतच नव्हतं! आम्ही समजायचो, सर प्रार्थनेच्या वेळी तोंड उघडत नाहीत ना, सगळे शिक्षक गातात आणि सर गप्प उभे राहतात, म्हणून बेसूर!”

पुन्हा हशा. मी वामनकडे पाहिलं. तो नारळाकडे बघत होता. छत्तीस वर्षं तो प्रार्थनेला गप्प उभा राहिला होता, हे मी आत्ता ऐकलं.  मला त्या दोनशे माणसांना एकेकाच्या कॉलरला धरून सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? अठ्ठ्याऐंशीत त्यांतले निम्मे जन्मले नव्हते. जे त्या दिवशी इथे होते त्यांतला सुकलाल गेला, बाकीचे कोण कुठे. ज्यांच्यासमोर बोललो ते उरलेच नव्हते, आणि जे उरले होते त्यांना ते नाव आवडत होतं.

मी वामनच्या खुर्चीपाशी जाऊन वाकलो. “सांगितलं,” मी म्हणालो. “ऐकतच नाहीत साले.”

“पाहिलं,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता. मांडीवरचा नारळ सरळ करत म्हणाला, “ओरडला मात्र सुरात.”

तो विनोद होता का शिवी, मला आजही कळलेलं नाही. त्यानं पुढे हात केला नाही, मीही केला नाही. मी पायऱ्या उतरून खाली आलो आणि प्राजक्ताच्या बाजूला उभा राहिलो. ती रडत होती. मला म्हणाली, “थँक्यू काका,” आणि मला तिचा राग आला, कारण थँक्यू म्हणण्यासारखं काहीच झालं नव्हतं.

कार्यक्रम संपला. पोरं खुर्च्या उचलायला लागली, आणि सगळ्या बॅचेसचे विद्यार्थी फोटोसाठी स्टेजवर चढले. धक्काबुक्की, हसणं, कोणाचं पोरगं रडतंय. वामन मध्ये उभा होता, पण तोंड बाजूला, रस्त्याकडे. चाळिशीतला एक माणूस, कडेवर लहान मुलगी, मोबाइल उंच धरून खालून ओरडला, “बेसूर सर! ओ बेसूर सर, इकडे!”

वामननं मान वळवली, खांद्यावरची शाल सारखी केली आणि त्या नावाला ओ दिली.